टेस्ला सोडा भाऊ, कॉइल विचारा

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही सेंटरला एमआरआयच्या चौकशीचा फोन आला ना, की पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि दुसरा हमखास, "मशीन किती टेस्लाची आहे?" टेस्ला म्हणजे मॅग्नेटची, चुंबकाची, ताकद मोजायचं माप. कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की थ्री टेस्लावरच करा, दीडवाल्यात काही दिसत नाही. हे सांगणारा बहुतेक वेळा साळा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा कोणी जाणकार असतो. परवा शिवनीहून एक जण गुडघ्याच्या एमआरआयसाठी आला, दीड टेस्ला ऐकलं आणि रिक्षा परत फिरवली. मी एमआरआय टेक्निशियन आहे, दिवसभर कन्सोलसमोरच बसलेला असतो, आणि या टेस्लाच्या खुळावर कधीचं लिहायचं होतं ते आज लिहूनच टाकतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की एमआरआय सुधारला तो मॅग्नेट तगडं झालं म्हणून कमी, आणि पेशंटला आत पडून राहायचा वेळ कमी करणारे शोध लागले म्हणून जास्त. दीड टेस्लाची मशीन तर १९८० च्या दशकातच आली होती, आणि आजही जगभर सगळ्यात जास्त काम तिच्यावरच चालतं. मग तेव्हाचा फोटो आणि आजचा फोटो यात जमीन-अस्मानाचा फरक कुठून आला? मॅग्नेट तर तेवढंच आहे!

आधी थोडं आत काय होतं ते सांगतो, कंटाळा येत असेल तर खालच्या पॅऱ्यात उडी मारा. आपल्या अंगात पाणी आणि चरबी, म्हणजे हायड्रोजनच हायड्रोजन. मॅग्नेटमधे गेल्यावर हायड्रोजनचे अणू त्या फील्डच्या दिशेनं किंवा उलटे लागतात, आणि गंमत म्हणजे दीड टेस्लावर दहा लाखात जेमतेम पाचचाच फरक पडतो. त्या पाचांवर आमचं दुकान चालतं. त्यांना ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासची रेडिओ लहर मारायची, ते डोलतात, आणि परत जागेवर येताना स्वतःचा बारीकसा सिग्नल देतात. ६४ मेगाहर्ट्झ म्हणजे एफएम रेडिओच्या थोडं खाली, तीन टेस्लाला १२८, म्हणजे एफएमच्या थोडं वर. म्हणूनच मॅग्नेट रूमला सगळीकडून तांब्याचा पत्रा ठोकलेला असतो, भिंती, छत, फरशी, सगळं, आणि दाराच्या कडेला त्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात. दार नीट लागलं नाही की फोटोवर बाहेरच्या सिग्नलची रेघ उमटते. नवीन आलेली पोरं पहिले मशीनलाच शिव्या घालतात आणि दार बघतच नाहीत.

१९४६ मधे ब्लॉख आणि पर्सेल या दोघांनी वेगवेगळं काम करून हा सिग्नल पकडला आणि १९५२ ला नोबेल घेतलं, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात फोटोबिटो नव्हता, केमिस्टलोकांचं ते यंत्र होतं. १९७१ मधे रेमंड डमाडियन या अमेरिकन डॉक्टरनं उंदरांच्या गाठींवर दाखवलं की कॅन्सरच्या पेशींचा सिग्नल परत यायला लागणारा वेळ निरोगी पेशींपेक्षा वेगळा असतो. पॉल लॉटरबरच्या डोक्यात त्याच वर्षी आलं की मॅग्नेटचं फील्ड एका बाजूला जरा जास्त आणि दुसऱ्या बाजूला जरा कमी ठेवलं तर कोणता सिग्नल कुठून आला ते कळेल. पिट्सबर्गला बर्गर खाता खाता सुचलं म्हणतात, मग लगेच वही विकत आणून लिहून ठेवलं. त्यानं 'नेचर'ला लेख पाठवला तर त्यांनी आधी परतच केला, भांडून १९७३ मधे छापून आणला. त्यात फोटो कशाचा होता तर पाणी भरलेल्या दोन बारीक नळ्यांचा. आणि तिकडे इंग्लंडात नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड, ज्यानं पंधराव्या वर्षी शाळा सोडून बाइंडरच्या हाताखाली काम केलं होतं, तो फोटो झटपट कसा काढायचा याचं गणित करत बसला होता. १९७८ मधे त्यानं स्वतःच्याच पोटाचा स्कॅन काढला. धोका आहे असं लोक सांगत होते तरी स्वतः आत गेला.

डमाडियनचा किस्सा तर आमच्या लाइनीत सगळ्यांचा आवडता. त्याच्या मशीनचं नाव 'इंडॉमिटेबल', १९७७ मधे हा स्वतः आत बसला तर सिग्नलच येईना, पठ्ठ्या जाड होता! मग लॅबमधला एक सडपातळ विद्यार्थी आत बसला आणि ३ जुलैला छातीच्या एका स्लाइसला, म्हणजे एका कापाच्या फोटोला, जवळजवळ पाच तास लागले. एक स्लाइस, पाच तास. मी आज छातीच्या तेवढ्याच स्लाइसला पेशंटला "श्वास रोखा" म्हणतो आणि "सोडा" म्हणेपर्यंत काम झालेलं असतं. पुढे २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्डला मिळालं, डमाडियनला नाही, तर त्यानं मोठमोठ्या पेपरात पानभर जाहिराती देऊन बोंब मारली. मला विचाराल तर दुसऱ्यांचा वाटा कमी होत नाही, पण तिसऱ्याला जागा होती, द्यायला पाहिजे होतं.

आता टेस्लावाल्यांसाठी खास. ज्या स्कॅननं पहिल्यांदा एका पेशंटच्या खऱ्याखुऱ्या उपयोगाची माहिती मिळाली तो स्कॉटलंडमधे अ‍ॅबर्डीनला झाला, २८ ऑगस्ट १९८०. छातीतली गाठ, लिव्हरमधली गडबड, हाडात पसरलेला कॅन्सर, सगळं दिसलं. मशीन किती टेस्लाची होती माहिती आहे? ०.०४. आपल्या दीडच्या सदतीस-अडतीस पट कमी. तिथल्या टीमनं स्पिन-वार्प नावाची पद्धत काढली होती, ओळीओळीनं सिग्नल गोळा करायची, आणि आज जगातल्या जवळपास प्रत्येक मशीनच्या पोटात त्याच पद्धतीचं पिल्लू आहे.

ओळीओळीनं म्हणजे काय ते सांगतो कारण सगळी मेख तिथेच आहे. समजा २५६ ओळींचा फोटो पाहिजे. जुन्या पद्धतीत एक ओळ घेतली की तीन सेकंद थांबायचं, अणू जागेवर येऊ द्यायचे, मग दुसरी ओळ. २५६ गुणिले ३, म्हणजे ७६८ सेकंद, पावणेतेरा मिनिटं. एका सीक्वेन्सला, म्हणजे फोटो काढायच्या एका फेरीला! असे पाच-सहा सीक्वेन्स लागतात कंबरेला. कंबरदुखीचा माणूस कडक टेबलावर तासभर उताणा, न हलता? कंबर दुखते म्हणूनच तर तो आला ना बावा.

१९८६ मधे जर्मनीत फ्रायबुर्गला युर्गेन हेनिगनं म्हटलं, एका वेळी एकच ओळ काहून घ्यायची, तीन सेकंद नुसतं थांबायचंच आहे तर तेवढ्यात सोळा ओळी घेऊ. ७६८ भागिले १६, ४८ सेकंद. ही पद्धत आज टर्बो किंवा फास्ट स्पिन एको म्हणून प्रत्येक कन्सोलवर आहे, कंपनी बदलली की नाव बदलतं. त्याच्या एक वर्ष आधी ग्योटिंगेनला आक्सेल हासे, येन्स फ्राम आणि मंडळींनी फ्लॅश काढलं, त्यात अणूंना पूर्ण आडवं पाडायचंच नाही, थोडंसंच झुकवायचं, म्हणजे परत यायची वाट बघावी लागत नाही. श्वास रोखून पोटाचा एमआरआय होतो तो यामुळे. यातला कोणताही शोध मॅग्नेट बदलून लागलेला नाही, नुसती डोकॅलिटी!

आणि मॅन्सफील्डचं ते झटपटवालं गणित, एको प्लॅनर, १९७७ चं, त्याला मशीनच पुरे पडत नव्हती, ग्रेडियंट कॉइलला, म्हणजे मशीनच्या आतली फील्ड इकडे-तिकडे कमीजास्त करणारी कॉइल, तिला तेवढा जोर नव्हता, त्यामुळे कित्येक वर्षं कागदावरच राहिलं. ते चाललं तेव्हा डिफ्युजनला पाय फुटले. फ्रान्सच्या डेनी ल बियाँनं १९८५ च्या सुमारास दाखवलं होतं की पेशींमधलं पाणी किती मोकळं हलतंय ते एमआरआयमधे मोजता येतं, तेच हे डिफ्युजन. १९९० मधे अमेरिकेत मांजरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पाण्याचं हे हलणं लगेच मंदावतं, साध्या स्कॅनवर काही दिसायच्या कितीतरी आधी. आज लकव्याचा पेशंट येतो, तोंड वाकडं, बोलता येत नाही, घरचे घाबरलेले, हा पडून राहीलच याचा भरवसा नाही, आणि डिफ्युजनचा अख्खा मेंदू मिनिट-दोन मिनिटात होऊन जातो. स्क्रीनवर ती पांढरी जागा चमकली की मी रिपोर्टची वाट न बघता सरांना फोन लावतो. अशा वेळी दीड का तीन हा प्रश्न कोणालाच सुचत नाही.

आता कॉइल. ही माझी लाडकी गोष्ट. पेशंटला वाटतं ती मोठी नळीच सगळं करते. नाही. सिग्नल ऐकते ती कॉइल, म्हणजे गुडघ्याला लावतो ती डबी, डोक्यावर येतो तो पिंजरा, पोटावर ठेवतो ती गादी. ती अंगाच्या जितकी जवळ आणि जितकी लहान तितका सिग्नल स्वच्छ, पण लहान कॉइलला लांबचं ऐकू येत नाही. १९९० मधे पीटर रोमर आणि सोबतच्यांनी रडारची आयडिया उचलून तोडगा काढला, लहान लहान कॉइल एकमेकींवर जरा चढवून शेजारी मांडायच्या आणि प्रत्येकीचं वेगळं ऐकून मग जोडायचं. त्या टीममधे बिल एडेलस्टीन होता, तोच जो अ‍ॅबर्डीनच्या त्या ०.०४ वाल्या टीममधे होता. दोन वेळा एमआरआयचं नशीब बदललं, पण त्याचं नाव आमच्या लाइनीबाहेर कोणाला माहीत नाही.

मग याच कॉइलवर आणखी एक करामत झाली. प्रत्येक कॉइल वेगळ्या जागेवरून बघते ना, मग सगळ्या ओळी घ्यायच्याच कशाला? एक आड एक ओळ सोडली तर फोटो घडी पडल्यासारखा एकावर एक चढतो, पण कोणत्या कॉइलला कुठलं जास्त ऐकू येतं हे माहीत असेल तर गणित करून ती घडी उलगडता येते. १९९७ मधे बॉस्टनला सोडिकसननं, १९९९ मधे झुरिकला प्रुसमाननं, २००२ मधे ग्रिसवोल्डनं, तिघांनी आपापल्या तऱ्हेनं हे जमवलं. अर्ध्या ओळी म्हणजे अर्धा वेळ. फुकट नाही बरं, वेळ निम्मा केला की सिग्नलही उतरतो, फोटो दाणेदार होतो, आणि कॉइलमधे चॅनल, म्हणजे वेगवेगळं ऐकणाऱ्या त्या लहान कॉइल, कमी असतील तर उलगडताना मधोमध घाण राहते. म्हणून म्हणतो कॉइल विचारा. मी एका सेंटरला होतो तिथे बाहेर "३ टेस्ला" असा केवढा मोठा बोर्ड, आणि आत खांद्याची कॉइलच नाही, खांद्याच्या पेशंटला पोटाची कॉइल गुंडाळून बांधायचो. त्यापेक्षा सोळा चॅनलची नीट खांद्याची कॉइल असलेलं दीड टेस्ला कधीही बरं, छातीठोक सांगतो.

२००७ मधे लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग आणलं, त्यात ओळी आणखी कमी घेऊन बाकीचं गणितानं भरायचं. आणि आता २०२० पासून सगळ्या कंपन्यांची एआयवाली रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे सिग्नलवरून फोटो बनवायची सॉफ्टवेअर, आलीत, दाणेदार फोटो घेऊन गुळगुळीत करून देणारी. खोटं कशाला बोलू, भारी आहे, जुन्या मशीनवर हे टाकलं तर फोटो त्याच मशीनचा आहे हे ओळखू येत नाही. पण एक गोष्ट डोक्यात खुपते. फोटो इतका देखणा येतो की घाईत स्कॅन उरकलाय हे दिसतच नाही. आधी वाईट फोटो वाईट दिसायचा, रेडिओलॉजिस्ट परत काढ म्हणायचे. आता सेंटरवाले म्हणतात अर्ध्या तासाच्या जागी पंधरा मिनिटांचा स्लॉट ठेव, एआय आहे ना. वाचलेला वेळ पेशंटच्या वाट्याला यायला पाहिजे होता, तो अपॉइंटमेंटच्या रजिस्टरमधे गेला, आणि रेट मात्र एका रुपयानं उतरला नाही.

हलणाऱ्या पेशंटसाठी एक शोध आहे त्याचं कौतुक कमी होतं, प्रोपेलर, जिम पाइपचा, १९९९ चा. ओळी एकाखाली एक न घेता पंख्याच्या पात्यासारख्या फिरवून घ्यायच्या, मधला भाग दर वेळी येतो, म्हणून पेशंट किती सरकला ते कळतं आणि दुरुस्त करता येतं. कंपवात असलेले आजोबा, चार वर्षांचं पोट्टं, यांना पूर्वी झोपेचं औषध द्यावं लागायचं, आता कित्येकदा तसंच निभतं.

आवाजाचं मात्र अजून म्हणावं तसं जमलेलं नाही. तो आवाज ग्रेडियंट कॉइलचा, चुंबकाच्या आत तारेतून करंट सटासट उलटा-सुलटा केला की तार दणके खाते. मागे छिंदवाड्याच्या एक आजी बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "काय रे, आत बोअरवेल खोदून रायले का हे लोक?" कानात बोळे, वरून हेडफोन, तरी. मुका स्कॅन म्हणून सीक्वेन्स निघालेत, करंट हळूहळू बदलणारे, त्यानं फरक खरंच पडतो पण प्रत्येक तपासणीला ते चालत नाहीत.

आता नागपूरचा खरा प्रॉब्लेम, ऊन. तुम्हाला माहीत नसेल पण एमआरआयचं मॅग्नेट चोवीस तास चालू असतं, रात्री, रविवारी, दिवाळीत. नायोबियम-टायटॅनियमची तार द्रव हिलियममधे उणे २६९ डिग्रीला बुडवून ठेवलेली असते, तिला रेझिस्टन्सच नसतो, एकदा करंट सोडला की फिरतच राहतो. जुन्या धाटणीच्या मशीनमधे हजार-दीड हजार लिटर हिलियम. ते गार ठेवायला कोल्ड हेड, तोच तो रूममधला "चीक-चूक, चीक-चूक" आवाज जो स्कॅन बंद असतानाही चालू असतो. कोल्ड हेडला कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरला गार पाणी देणारा चिलर, आणि चिलर कुठे, तर गच्चीवर, मे महिन्याच्या सत्तेचाळीस डिग्रीत!

एका वर्षी नवतपात दुपारी चिलर ट्रिप झाला. हे ज्या सेंटरचं आहे त्याचं नाव घेत नाही. मालकांनी एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचे, पैसे वाचवलेले, चिलरचा माणूस वाडीहून येतोय-येतोय करत होता. आम्ही गच्चीवर ग्रीन नेट बांधली, बगिच्याचा पाइप लावून कंडेन्सरवर पाणी मारत उभे राहिलो, खाली एक जण हिलियमच्या प्रेशरवर नजर ठेवून. प्रेशर वाढत गेलं तर हिलियम उकळून पाइपातून उडतं, एका लिटरचे सातशे लिटर गॅस होतात, आणि पुरतंच बिघडलं तर क्वेंच, म्हणजे मॅग्नेट मेलं, मशीन काही दिवस बंद, बिल लाखात. त्या दिवशी मॅग्नेट वाचलं. आम्ही सगळे उन्हानं भाजून निघालो, रात्री घरी कांद्याचा रस आणि पन्हं. हिलियम तर भारतात सगळं बाहेरूनच येतं, २०१७ मधे कतारची नाकेबंदी झाली तेव्हा जगभर टंचाई झाली होती.

म्हणून मला अलीकडच्या शोधांमधे सगळ्यात मोठा वाटतो तो कमी हिलियमचा मॅग्नेट. फिलिप्सनं २०१८ मधे सात लिटरवालं, कायमचं सीलबंद मॅग्नेट आणलं. सीमेन्सचं ०.५५ टेस्लाचं मशीन तर एक लिटरसुद्धा घेत नाही, आणि नळी ८० सेंटिमीटर रुंद, म्हणजे जाड माणूसही आत मोकळा श्वास घेतो. बघा, टेस्ला कमी करून मशीन सुधारली! कमी फील्डला हाडात बसवलेल्या स्टीलच्या प्लेट-स्क्रूमुळे फोटोत होणारा गोंधळही कमी होतो. अमेरिकेत ०.०६४ टेस्लाचं चाकावरचं मशीन २०२० मधे मंजूर झालं, साध्या प्लगवर चालतं, आयसीयूत पेशंटच्या खाटेपाशी नेतात. फोटो देखणा नाही, पण ज्याला आयसीयूतून हलवताच येत नाही त्याला तेवढंही सोनं आहे. गडचिरोलीच्या भामरागडात असं एखादं मशीन पोहोचलं तर मी बदली मागून जाईन.

आपल्याकडेही काम चालू आहे. बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्सनं देशी दीड टेस्लाची मशीन बनवली, २०२३ मधे दिल्लीत तिचं उद्घाटन झालं, तीसुद्धा द्रव हिलियमशिवाय चालते, आणि आपल्या शेजारी चंद्रपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला लागलीय. पवईचं समीर, सरकारी संस्था, तेही देशी मशीन बनवतंय, दिल्ली एम्ससोबत. चंद्रपूरच्या उन्हात ती मशीन दोन-चार उन्हाळे काढेल तेव्हा मी तिला सलाम ठोकेन. नागपूरच्याही एक डिग्री वर असतं तिथे.

थ्री टेस्ला बेकार आहे असं मी म्हणत नाहीये, उगाच भांडायला येऊ नका. फिट्सचं कारण मेंदूत शोधायचं असेल, प्रोस्टेट, मनगटाचे बारीक लिगामेंट, तिथे तीनचा सिग्नल खरंच कामाचा. पण तिथे शरीर तापायचा हिशोब चौपट होतो, धातूभोवतीचा काळा डाग मोठा होतो, आणि पोटात पाणी भरलेलं असेल तर मधेच अंधार पडतो. साध्या कंबरेला, मानेला, गुडघ्याला दीड मस्त आहे. फोन करताना विचारायचंच असेल तर विचारा की माझ्या भागाची वेगळी कॉइल आहे का, मशीन कोणत्या सालची आहे, आणि किती मिनिटांचा स्लॉट देता. तिसऱ्या प्रश्नावर रिसेप्शनवाली अडखळली तर समजून जा.

येताना जुन्या फिल्म आणि सीडी आणा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो उठून दिसायला शिरेतून द्यायचं औषध, लागणार असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट लागतो. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड आणा, आता एमआरआयला चालणारे पेसमेकर आलेत पण तुमचा कोणता ते कार्डाशिवाय कोणी सांगू शकत नाही. आणि काकूंनो, लुगड्याच्या आणि ब्लाउजच्या पिना, सगळ्या म्हणजे सगळ्या. सोन्याच्या बांगड्या नाही खेचत मॅग्नेट, चांदीची जोडवीही नाही, पण पदराच्या आत लपलेली ती एक स्टीलची सेफ्टी पिन सुटून सरळ नळीत जाऊन चिकटते, आणि मग ती काढायला मी टॉर्च घेऊन अर्धा आत घुसतो आणि बाहेर बसलेले पुढचे पेशंट माझ्या नावानं ओरडतात.